रानअंजिराच्या माळा

माझा नवरा आर्गिरिस उभा जन्म बोटींवर राहिला. निवृत्त होऊन किमीला, आमच्या ग्रीक गावी, परतला आणि आमच्या बागेलाही डेकसारखं लख्ख ठेवायला लागला. जरा काही वेडंवाकडं वाढलं, की कापलंच.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी अथेन्सला गेले होते. जूनमध्ये परतले, तर कुंपणाचा कोपरा रिकामा.

"इथलं रानअंजीर कुठाय?"

"ते? फळं कोरडी ठाक, आत नुसते किडे. टाकलं तोडून!" शाबासकी मिळेल असं वाटत होतं त्याला.

मी पायरीवरच बसले. "अरे, त्या किड्यांच्या जिवावर तर आपली अंजिरं पिकतात! तिळाएवढी माशी असते ती. रानअंजिरातून पराग घेऊन येते आणि आपल्या अंजिरांत शिरते. ती नाही आली, तर सगळी हिरवी फळं महिन्याभरात खाली."

त्याचा चेहरा पडला. जवळपास तसलं झाड एकच, शेजारच्या द्यामांतोमावशीकडे. आणि तिच्या शेळीने आमचा कोबी खाल्ला म्हणून हिवाळ्यात यानेच अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती.

सकाळी पकडलेले मासे घेऊन तो गेला. मी मागोमाग.

"या कॅप्टन!" मावशी दारातूनच म्हणाली. "शेळीची माफी मागायला आलास, की अंजिरं मागायला?"

"दोन्हींसाठी, मावशी."

"मग आधी शेळीकडे जा."

हा बाबा खरंच टोपी काढून शेळीपुढे वाकला. शेळीने टोपीच तोंडात धरली. मावशी एवढी हसली, की डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत बसली. मग टोपलीभर रानअंजिरं दिली, वर चार शिव्या.

आम्ही ती लव्हाळ्यात ओवून माळा केल्या आणि उजाडायच्या आत झाडांवर टांगल्या. ऊन चढलं तशा माश्या बाहेर पडायला लागल्या, पिठात लोळल्यासारख्या. एक आमच्या अंजिराच्या तोंडाशी आली आणि बारीक भोकातून आत घुसली. पंख बाहेरच तुटून राहिले.

"आता आत अंडी घालणार?" आर्गिरिसने हळूच विचारलं.

"आपल्या फळात तिला जमत नाही. आतच मरते बिचारी."

"म्हणजे आपण फसवतो तिला!"

"हिला फसवतो. पण तिच्या बहिणी रानअंजिरातच अंडी घालतात, म्हणून तर वंश चालतो. झाडाला माशी हवी, माशीला झाड."

दुपारी पाहिलं, तर तो तोडलेल्या खोडातून फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यांना पाणी घालत होता.

फळं टिकली. ऑगस्टमध्ये त्यांतून मध गळायला लागला. शेंड्याची अंजिरं पाखरांनी फोडली, तरी तो त्यांना हाकलायला उठला नाही. खालच्या फांदीवरची भरपूर होती. आम्ही भिंतीवर बसून तिथल्या तिथे खाल्ली, बोटं चिकट होईपर्यंत. मग तो सावलीत आडवा झाला आणि घोरायला लागला.