बिलावरची तारीख

"चाचा, ड्रिल घ्यायला येता की त्याची विचारपूस करायला?" श्यामलाताईंनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं.

शमशुद्दीन कसनुसा हसला. बोहरी आळीतल्या या दुकानात तो त्या महिन्यात चौथ्यांदा आला होता. काउंटरवर त्याच्यासमोर बॅटरीवर चालणारी दोन ड्रिल मशिनं ठेवलेली होती. एक एकोणतीसशेचं, सहा महिने वॉरंटीचं. दुसरं अडुसष्टशेचं, दोन वर्षं वॉरंटीचं. घरून निघण्यापूर्वी त्याने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गणित मांडलं होतं. स्वस्तातलं महिन्याला चारशे त्र्याऐंशी रुपयांना पडत होतं आणि महागातलं दोनशे त्र्याऐंशीला. म्हणजे महाग तेच स्वस्त. हे गणित त्याने तीनदा करून पाहिलं होतं आणि तीनही वेळा उत्तर तेच आलं होतं. तरी त्याचा हात खिशाकडे जात नव्हता.

"आत धूळ जाऊन बिघडलं तर?"

"त्याला वॉरंटी नाही."

"वरून पडलं तर?"

"वरून पडल्यावर माणसाला तरी असते का?" श्यामलाताईंनी पेपर मिटला आणि मोठं मशीन त्याच्या हातात दिलं. "धरून बघा. सव्वा किलो. भिंतीत मध्येच अडकलं तर आपोआप बंद पडतं, हाताला झटका देत नाही. हे मी तुम्हाला मागच्या तीन वेळाही सांगितलंय."

शमशुद्दीनच्या या घोळवण्यामागे एक जुनी गोष्ट होती. फार वर्षांपूर्वी त्याने जुन्या बाजारातून एक ड्रिल हौसेने उचलून आणलं होतं. ते अकराव्या दिवशी धूर सोडून थांबलं. त्याचा जोडीदार सर्जेराव पुढे कित्येक वर्षं, नवा स्क्रूड्रायव्हर घेतला तरी विचारायचा, "अकरा दिवसाचा हाय का बारा?" तेव्हापासून हत्यार घ्यायचं म्हटलं की शमशुद्दीन दहा दुकानं फिरायचा. वॉरंटीचं कार्ड शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. वॉरंटी म्हणजे वस्तू बिघडणार नाही असं वचन नव्हे, बिघडली तर कोण उभं राहील एवढंच त्यात लिहिलेलं असतं, हे तो सर्जेरावला समजावून सांगायचा. सर्जेराव मान डोलवायचा आणि घ्यायचं-न-घ्यायचं शमशुद्दीनवर सोडून द्यायचा.

दोघांचा धंदा पडद्यांच्या दांड्या, फळ्या, आरसे भिंतीवर बसवून देण्याचा. सव्वीस वर्षं ते जोडीने काम करत होते. सर्जेराव स्टुलावर चढून भोक पाडायचा आणि शमशुद्दीन खाली उभा राहून वर्तमानपत्राची घडी भिंतीला टेकवून धूळ झेलायचा. पुण्यातल्या बायका एक वेळ वाकडी दांडी चालवून घेतील, पण गादीवर पडलेली धूळ सात वर्षं लक्षात ठेवतात, असं तो म्हणे. त्याच्या कागदातून कण सुटत नसे, आणि सर्जेरावचं भोक रेषेवरून केसभर हलत नसे. कर्वेनगरपासून बिबवेवाडीपर्यंत त्यांना नावाने बोलावणारी घरं होती. ती दोघांना मिळून एकच माणूस समजत.

पण गेल्या वर्षापासून सर्जेरावचा उजवा खांदा दुखत होता. जुनं वायरवालं मशीन साडेतीन किलोचं. ते डोक्यावर धरताना तो डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू द्यायचा. उन्हाळ्यात कर्वेनगरच्या एका घरात त्याने खाली उतरून दोन मिनिटं डोळे मिटून घेतले होते. मग म्हणाला होता, "शमशू, ते बॅटरीचं घिऊन टाक. हलकं असतंय म्हणं."

शमशुद्दीन म्हणाला होता, "बघू."

सर्जेरावला काम सुटायची भीती वाटत होती, हे शमशुद्दीनला ठाऊक होतं. हिंजवडीची जमीन भावांनी कधीच विकली होती. उरलेल्या तुकड्यावर आता पुतण्याचं होस्टेल उभं होतं आणि पुतण्या दर सणाला सांगायचा, काका, गेटवर खुर्ची टाकून बसा, पोरांच्या सह्या घ्या, झेपेल तेवढं. सर्जेराव दर वेळी हसून टाळायचा. आपल्याच बापाच्या रानात दुसऱ्याच्या गेटवर बसायचं नाही, एवढंच त्याने एकदा शमशुद्दीनला सांगितलं होतं. खांदा चालतोय तोवर त्याला नाही म्हणता येत होतं.

म्हणूनच शमशुद्दीनला या वेळी चूक करायची नव्हती.

"हेच द्या," तो शेवटी म्हणाला. "पण ताई, बिलावर तारीख खंडेनवमीची घाला."

श्यामलाताईंनी चष्मा वर केला. पितृपक्ष नुकताच लागला होता. खंडेनवमीला तेवीस दिवस होते. शमशुद्दीनने त्यांना नीट समजावलं. दर खंडेनवमीला सर्जेराव घरी गोणपाट अंथरून सगळी हत्यारं मांडतो, त्यांना हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. शमशुद्दीन घरून शिऱ्याचा डबा घेऊन जातो. या वर्षी त्या गोणपाटावर हे नवं मशीन अचानक ठेवायचं होतं. शिवाय पितृपक्षात सर्जेराव नवी वस्तू घरात घेणार नाही. म्हणजे तेवीस दिवस मशीन खोक्यातच पडून राहणार आणि वॉरंटी मात्र आजपासून संपत जाणार.

"खोटी तारीख मी घालत नाही," श्यामलाताई म्हणाल्या.

"मग ते इथंच राहू द्या. पैसे आज देतो. खंडेनवमीला येऊन त्या दिवसाच्या बिलावर घेऊन जातो. मग तर खोटं नाही?"

श्यामलाताईंनी पैसे मोजून घेतले. मग पैसे मिळाल्याची पावती त्या दिवसाच्या तारखेने फाडून दिली. "चाचा, वापरायची असते ती वस्तू. वॉरंटी नव्हे," एवढं त्या म्हणाल्या आणि खोकं मागच्या फळीवर ठेवून आल्या.

शमशुद्दीन खुशीत घरी आला. तेवीस दिवस वाचले होते. बायकोला, मेहरुनला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली. ज्याचा खांदा दुखतोय त्याला आधी विचारलं का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, विचारलं तर गंमत काय राहिली. ती पुन्हा भाकरी थापू लागली.

ते तेवीस दिवस शमशुद्दीनला नंतर एकेक करून आठवायचे. पितृपक्ष संपला, घट बसले. त्या दिवशी दुकानात जाऊन मशीन आणलं असतं तरी चाललं असतं. आता अडवणारं काही नव्हतं. पण मग वाटलं, इतकं थांबलो, आता नऊच दिवस. दुसऱ्या माळेला सर्जेराव चहा पिताना पुन्हा म्हणाला, "त्या बॅटरीच्या मशीनचं काय झालं रं?" शमशुद्दीनने ओठावर आलेलं हसू कपात लपवलं आणि म्हणाला, "बघतोय."

तिसऱ्या माळेला बिबवेवाडीत काम निघालं. दिवाणखान्यातली दांडी सिमेंटच्या तुळईत बसवायची होती. सर्जेराव स्टुलावर चढला, डाव्या हाताने कोपराला टेकू दिला. शमशुद्दीनने खाली कागद धरला. दोन भोकं झाली. तिसऱ्याला आत सळई लागली. मशीनचं टोक सळईत अडकलं आणि सगळं मशीन गरकन फिरलं. त्याबरोबर सर्जेरावचा हात फिरला. कापड फाटावं तसा एक लहानसा आवाज शमशुद्दीनने खाली उभ्या उभ्या ऐकला.

सर्जेराव पडला नाही. त्याने डाव्या हाताने बटण बंद केलं, मशीन स्टुलावर ठेवलं, एकेक पाय खाली टेकला आणि भिंतीला पाठ लावून बसला. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवून दिल्यासारखा पडला होता.

"शमशू," तो म्हणाला, "पाणी दे."

शमशुद्दीनच्या हातातला कागद कधी सुटला ते त्याला कळलं नाही. फरशीभर धूळ झाली होती. घरच्या बाई दारात उभ्या होत्या, पण त्या धुळीबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी एमआरआयचे फोटो पाहून सांगितलं की खांद्यातला स्नायू तुटला आहे. या वयात शस्त्रक्रिया करूनही पहिल्यासारखा हात होईल असं सांगता येत नाही. डोक्याच्या वर हात नेण्याचं काम आता विसरायचं. सर्जेरावने ते शांतपणे ऐकलं. पायऱ्या उतरताना त्याने विचारलं ते इतकंच, की तिसरं भोक अर्धवट राहिलंय, त्या बाईंकडं कोण जाईल.

खंडेनवमीला शमशुद्दीन सकाळीच बोहरी आळीत गेला. श्यामलाताईंनी त्या दिवसाच्या तारखेचं बिल केलं, वॉरंटी कार्डावर शिक्का मारला आणि जुनी पावती बिलालाच टाचून दिली. सर्जेराव कसा आहे ते त्याने सांगितलं. तेव्हा खोकं त्यांनी स्वतः पिशवीत घालून दिलं.

सर्जेरावच्या खोलीत कुसुमवहिनींनी गोणपाट अंथरलं होतं. हातोडा, पाने, लेव्हलची नळी, जुनं मशीन, सगळं पुसून मांडलेलं होतं. सर्जेरावचा उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात होता. शमशुद्दीनने शिऱ्याचा डबा वहिनींच्या हातात दिला आणि खोकं गोणपाटाच्या कडेला ठेवलं. कसं ठेवायचं, काय म्हणायचं, हे तेवीस दिवस मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं.

सर्जेरावने डाव्या हाताने खोकं उघडलं. वरच बिल होतं. त्याने ते वाचलं, मग खाली टाचलेली पावती वाचली. पुन्हा बिल वाचलं.

"हे तवाच घेतलंतंस?"

"होय."

"मग कुठं हुतं?"

शमशुद्दीनने सांगितलं. खंडेनवमीचं सांगितलं, पितृपक्षाचं सांगितलं आणि वॉरंटीचंही सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते सगळं बरोबर मांडलेल्या पण भलत्याच प्रश्नाच्या गणितासारखं वाटलं. कुसुमवहिनी शिऱ्याचा डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"म्हंजी वॉरंटी पुरी दोन वर्सं हाय," सर्जेराव म्हणाला.

"होय. एक दिवसही वाया गेला नाही."

हे बोलल्यावर शमशुद्दीनला वर बघवेना. सर्जेरावने बोट कुंकवात बुडवलं आणि नव्या मशीनला टिळा लावला. डाव्या हाताची सवय नव्हती, टिळा जरा तिरका उमटला. एरवी त्याने तो पुसून पुन्हा लावला असता. झेंडूचं एक फूल वाहिलं आणि बिलाची नीट घडी घालून ते खोक्यात परत ठेवलं. "दिवाळी झाली की पुतण्याकडं जातू म्हणलोय," तो कुसुमवहिनींना सांगावं तसं म्हणाला. "खुर्ची हाय, पंखा हाय."

शमशुद्दीन उठायला लागला तेव्हा सर्जेराव म्हणाला, "उद्या सकाळी ये. दाराच्या वर एक कप्पी बसवायची हाय."

पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, ते दसऱ्याला उचलायचं असतं. शमशुद्दीन दुसऱ्या दिवशी आला. सूज उतरली की दोरी ओढून हात वर न्यायचा व्यायाम करायचा होता, त्यासाठी दवाखान्यातल्या बाईंनी कप्पी सांगितली होती. सर्जेरावने पेन्सिलीने खूण करवून घेतली. "केसभर डावीकडं," तो म्हणाला. शमशुद्दीनने खूण सरकवली आणि स्टुलावर चढला. सव्वीस वर्षांत तो क्वचितच चढला असेल. खाली सर्जेराव उभा राहिला. त्याने डाव्या हाताने पेपरची घडी केली, हनुवटीने दाबून कोपरा मोडला आणि ती खुणेखाली भिंतीला टेकवली.

शमशुद्दीनने बटण दाबलं. मशीन हातात असल्यासारखं वाटतच नव्हतं. टोक भिंतीत अलगद शिरलं, जराही जोर लावावा लागला नाही. खांद्याला काही जाणवलंच नाही.

"कसं वाटतंय रं?" सर्जेरावने खालून विचारलं. "हलकं हाय का?"

शमशुद्दीनने भोकावरची नजर काढली नाही.

"नाही रे," तो म्हणाला. "जडच आहे."

 सर्जेरावने कागद भिंतीला आणखी घट्ट टेकवला. कप्पी बसेपर्यंत तो तसाच उभा होता. जमिनीवर एक कण पडला नाही.