गोल कोपऱ्यांचे दात

गुरुवारी सकाळी नऊ वाजता लेस्टर प्रिडोने चेनसॉ सुरू केला आणि फिरती चेन अंगणातल्या सिमेंटच्या पायरीला क्षणभर टेकवली. ठिणग्या उडाल्या. यंत्र बंद करून त्याने चेनवर बोट फिरवलं. धार मेली होती. मग त्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि यंत्र गाडीत टाकून ऑर्बोस्ट गावाची वाट धरली.

वणव्यानंतर त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी परतले नव्हते. बायको, डल्सी, त्यापूर्वीच वारली होती. चिरलेल्या लाकडांची रास वळचणीला टेकली होती. चार हिवाळे पुरली असती. आठवडाभरात त्याच्याशी बोलणारं माणूस एकच, करवतींच्या दुकानातली नोलीन. धार लावून होईपर्यंत ती त्याला स्टुलावर बसवी, चहा देई, आणि तिचं तोंड चालू असे.

"काय हो लेस्टर, लाकडं कापता की विटा?" चेन दिव्याखाली धरत ती म्हणाली.

"जळकी झाडं. सालीत माती असते, राख असते."

"मग ही चौकोनी दातांची हवीच कशाला? ही ओल्या, स्वच्छ लाकडाची. सपासप कापते, पण मातीचा कण लागला की संपली." तिने भिंतीवरून दुसरी चेन उतरवली. "ही घ्या. दातांचे कोपरे गोल आहेत. जरा हळू चालते, पण धार टिकते. हिवाळाभर इकडे फिरकायला नको."

लेस्टरने कप खाली ठेवला.

"हळू म्हणजे... कंटाळवाणं काम."

"तुम्हाला कुठली गाडी गाठायचीय?"

तो भिंतीकडे पाहू लागला. "आणि ती तिकडची?"

"ती फळ्या काढायची. ओंडका उभा चिरायला. घर बांधताय?"

"छे."

"मग गुमान ही घ्या." तिने ती यंत्रावर चढवलीसुद्धा. "आणि जुनीला धार लावायला शिकवते. साठ किलोमीटरची रपेट वाचेल तुमची."

जुनी चेन टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळून तिने गोल कानस त्याच्या हातात दिली. पोरवयापासून लेस्टर बापाच्या करवतींना धार लावत आला होता. नोलीन क्वीन्सलँडहून अलीकडेच आलेली. तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पहिल्या दोन दातांवर हात सवयीने गेला. तिसऱ्याला त्याने कानस चमच्यासारखी धरली.

"अहो, तिरकी धरा, तिरकी!" तिने त्याचं मनगट वळवलं. "अशी."

पुढचा दात त्याने आणखी बिघडवला.

नोलीन वाकली. पहिले दोन दात तिने निरखले, नखाने चाचपले. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"याला वेळ लागणार."

"माझा हात जड आहे."

"दिसतंय ना."

आता हिवाळा लागला आहे. जुनी चेन अजून त्याच शिकंज्यात आहे. दर गुरुवारी तिचा एखादा दात घासला जातो. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी नोलीनने दुसरा शिकंजा आणून बसवला आहे.