हिरव्या पानावरचा बुळबुळीत थर

मित्रांनो, मी एक जुना बुळबुळीत थर आहे. कच खाणाऱ्या माणसालाही तुम्ही याच शब्दाने हिणवता, म्हणून आधीच सांगून टाकतो. एका समुद्री शेवाळाच्या पातळ, हिरव्या पानावर माझा जन्म झाला. 'मी' म्हणतो खरा, पण मी म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य जिवाणूंची वस्ती. शेवाळ उन्हात साखर बनवायचं आणि आम्हाला भरवायचं. आम्ही त्याच्या कोवळ्या पेशींना सांगायचो, इथे पसर, इथे घट्ट धर. आम्ही सांगितल्याशिवाय त्याला पान होताच येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि खडकांवरचं आमचं सगळं गोत पांढरं पडून संपलं. उरलं ते शेवाळाची शेती करणाऱ्या दोघी बहिणींच्या टाकीतलं बियाणं, आणि त्याच्या पानांवर मी. थोरली पानावरून रोज बोट फिरवायची आणि म्हणायची, "वा, छान बुळबुळीत!" तेवढंच माझं कौतुक.

एकदा ती बाहेर गेली असताना पाहुणे शेवाळ बघायला येणार होते. धाकटीने टाकीत हात घालून झटकला. "शी! शेंबडासारखं लागतंय. ताईला कामापुढे भान नसतं, लोक नावं मात्र मला ठेवतील." तिने मऊ ब्रशने एकेक पान घासलं, मग जंतुनाशकात बुडवलं. अगदी मायेने घासलं हो.

"बघ ताई, काचेसारखं चकचकीत केलंय!"

ताईचं बोट पानावर अडकलं. "अगं बये, मळ नव्हता तो!"

पुढे नव्या बियाण्याला पानं आलीच नाहीत. टाकीत नुसत्या बिनआकाराच्या गुठळ्या तरंगत राहिल्या.

"तो थर समुद्रातून परत आणू ना," धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

"कुठून आणतेस? खडक बघितलेस ना?"

मित्रांनो, आमच्यातले थोडे अजून जिवंत आहेत. घासताना आम्ही ब्रशच्या केसांत अडकलो आणि तो खाऱ्या पाण्याच्या मगात विसरला गेला. आज ताई रिकामी टाकी पुसत होती. धाकटीने ब्रश उचलला. "ताई, हाही बुळबुळीत झालाय. उकळून ठेवू?"

ताईने मान वर केली नाही. "ठेव."

आम्हाला हाक मारता येत नाही. हाताला काही बुळबुळीत लागलं, तर धुण्याआधी क्षणभर थांबा. ते कुणाला जगवत असेल, एवढं तरी विचारा. आमच्यासाठी कुणी विचारलं नाही. पातेल्यातल्या पाण्याला आता आधण आलं आहे.