धाकूकाकांचे साठ टक्के

बायपासनंतर तीन महिन्यांनी बाबांच्या हृदयाचा आकडा सत्तेचाळीस आला आणि त्याच आठवड्यात समोरच्या खोलीतल्या धाकूकाकांचा साठ. तेव्हापासून बाबांचं जेवणात लक्ष नव्हतं.

दोघं एकाच गिरणीत लागले होते, गिरणी बंद पडल्यावर एकाच कंपनीत वॉचमन झाले, भांडुपला तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर खोल्या घेतल्या. छातीसुद्धा दोघांची एकाच महिन्यात उघडली. इतकी वर्षं सामना बरोबरीत होता.

"साठ म्हणजे फर्स्ट क्लास," बाबा म्हणाले. "आणि माका सत्तेचाळीस. काठावर पास."

"बाबा, हे मार्क नाहीत. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती एका ठोक्यात बाहेर जातं, त्याचे टक्के आहेत. शंभर कुणाचेच नसतात. पंचावन्नच्या पुढे नॉर्मल."

"म्हणजे धाकू नॉर्मल."

मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात इको टेक्निशियन आहे. हृदयाच्या सोनोग्राफीच्या प्रतिमा मी घेते. त्या वाचून सही करतात आमच्या मधुवंती मॅडम. बाबांची तपासणी आमच्या थ्री-डी मशीनवर झाली होती, काकांची दुसरीकडे, साध्या टू-डीवर. बाबांना बरं वाटावं म्हणून मी तेवढं सांगितलं; तिथेच थांबायला हवं होतं.

"दोन पद्धतींचे आकडे असे शेजारी ठेवायचे नसतात," मी म्हणाले. "टू-डीत कप्प्याचे एक-दोन छेद दिसतात, उरलेला आकार आपण धरून चालतो. थ्री-डीत सगळा कप्पा येतो."

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे त्याचो आकडो अंदाजपंचे?"

"तसं नाही हो..."

"मगे त्याका पण तुझ्या मशीनवर घाल."

"उगाच नाही घालता येत. काहीतरी कारण लागतं."

"कारण आसा. जिनो चढताना तो दोनदा थांबता. पयल्यांदा चप्पल बघितल्यासारखा करता, दुसऱ्यांदा फोन काढता. फोन वाजलेलो नसता. गेल्या महिन्यात एकदाच थांबायचो. आणि सांजेक त्याच्या चपलेचो पट्टो पायात रुतता."

"तुम्ही हे सगळं कधी बघितलंत?"

"रोज बघतंय. गॅलरीतसून."

हेतू सोडला तर नोंद चोख होती. थांबणं वाढलंय, पाय सुजतायत. साठ टक्केवाल्या माणसाला हे शोभत नव्हतं. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्याच आण त्यांना."

काका इस्त्रीचा शर्ट घालून, जुना रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आले. सोबत बाबा होतेच.

"दत्ता, तुका माझा बरा बघवत नाय मा?" काका हसत म्हणाले.

"गप रव. आत जा."

काकांना डाव्या कुशीवर नीट वळता येईना, छातीची शिवण ओढत होती. मी पाठीला उशी लावली. "आता श्वास सोडा आणि तसाच धरा. चार ठोके फक्त." आमचं मशीन चार ठोक्यांत चार तुकडे घेऊन जोडतं. मध्येच श्वास घेतला की तुकडे सरकतात आणि प्रतिमेत चीर पडते. काकांना धाप लागत होती. पहिल्या दोन प्रतिमा फुकट गेल्या.

"माझी पयल्याच वेळी इल्ली!" पडद्यापलीकडून बाबा ओरडले.

काकांना हसू फुटलं. तिसरीही गेली.

चौथी छान आली. स्क्रीनवर मी कप्पा सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मधला भाग चांगला आवळत होता. टोकाचा भाग नुसता लोंबत होता. रिपोर्टला जोडलेल्या जुन्या प्रतिमा काढून बघितल्या, तर त्यांत कप्पा आखूड दिसत होता. छातीवर टेकवायचं प्रोब टोकापासून जरा बाजूला बसलं असणार. त्यामुळे जो भाग हलत नव्हता तो छेदात आलाच नव्हता आणि मोजलाही गेला नव्हता.

आकडा आला एकोणचाळीस.

मॅडमनी येऊन स्वतः पुन्हा मोजलं. मग खुर्ची ओढून काकांजवळ बसल्या. पंप कमी पडतोय, अंगात पाणी साठलंय, दोन-तीन दिवस इथे राहा, गोळ्या बदलू, असं सावकाश सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे साठ नाय?"

"नाही. एकोणचाळीस."

पडदा पातळ होता. बाबा आठ टक्क्यांनी पुढे गेले होते, आणि ते त्यांना ऐकू गेलं होतं. ते आत आले, काकांकडे न बघता माझ्याकडे आले.

"नीट मोजलंस?"

"हो."

"परत मोज. मशीन गरम झाला असात."

"मॅडमनीपण मोजलं, बाबा."

मग ते काकांच्या शर्टाची बटणं लावायला लागले. एक काज चुकलं, सगळा शर्ट वाकडा झाला.

"दत्ता, मी लावतंय."

"हात खाली घे."

पंधरवड्याने काकांच्या पायांची सूज उतरली. ते जिना न थांबता चढायला लागले. बघायला येणाऱ्यांची रांग लागली. आईनेही दोनदा पेज नेऊन दिली. बाबा रोज संध्याकाळी तासभर त्यांच्याकडे बसायचे आणि तोंड पाडून घरी यायचे.

"त्याका नऊ गोळ्यो," एक दिवस ते म्हणाले. "डबी पण वेगळी, वारांची नावां लिहिलेली. माका पाचच."

"तुम्हाला पाच पुरतात. चांगलं आहे ना?"

"मॅडमांका इचार, एखादी वाढवतत काय."

"असं नसतं, बाबा."

"ह्या गोळ्यांनी तो माझ्या वर जातलो?"

"जातीलही. काहींचा आकडा सुधारतो. तीन महिन्यांनी परत बघायचंय."

"दोघांचा?"

"दोघांचा."

"एकाच दिवशी घे," बाबा म्हणाले. "आणि आधी त्याचा."