रुमालाखालचा खेळ

अब्दुल दलालाचं डोकं गेलं, असं घोडेगावात ज्यानं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. अर्धांगाचा झटका आला, जीभ लुळी पडली, उजव्या हातातली ताकद गेली. लोकांचं काय जातंय म्हणायला! त्याच्या लेकीच्या, हुमेराच्या मात्र ते ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा.

डॉक्टर म्हणाले होते, बोटं हलती ठेवा. म्हणून तिनंच अब्बांच्या मोबाईलवर तो जुना गेम टाकून दिला. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळीत बसवायचे. तिच्या कॉम्प्युटर क्लासच्या खटाऱ्या मशीनवर होता तो. शुक्रवारचा जनावरांचा बाजार उरकून अब्बा तिला न्यायला यायचे आणि पोरीला बाजूला सारून स्वतःच खेळत बसायचे. आता मोबाईलवर ठोकळे वरच्या अर्ध्यात पडायचे आणि बटणं खालच्या अर्ध्यात होती.

पहिल्याच दिवशी अब्बांनी काय करावं? खांद्यावरचा रुमाल डाव्या हातानं ओढला आणि बटणांसकट उजवा हात झाकून टाकला. शेजारी म्हणाले, बघा, खुळावला. अहो, खुळावला कसला! उभ्या जन्मात बाजारात त्या माणसाची बोटं कुणाला दिसली नव्हती. भाव व्हायचा तो रुमालाखाली, एकमेकांची बोटं धरून. हात दाबला की सौदा पक्का, झटकला की मोडला. आत काय झालं ते त्या दोघांनाच ठाऊक.

तसंच झाकून अब्बा रोज खेळू लागले. आधी ठोकळे नुसते ढासळायचे. हळूहळू ओळी जुळायला लागल्या, तशी हुमेराच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात फैयाजचाचा तिचं लग्न ठरवूनच आले. अब्बांचे धाकटे भाऊ, तेही बाजारात दलालच. संगमनेरला तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि मुलाकडच्यांना शिकणारी सून नको होती. पुरं शिकवीन असा शब्द अब्बांनी मला दिलाय, त्यांना विचारा, असं ती म्हणाली. चाचा हसले. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याला काय विचारायचं?

"त्यांना सगळं कळतं," हुमेरा म्हणाली. "ओळी जुळवतात ते, बघा तरी."

चाचांनी मान वळवली. अब्बा त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी डाव्या हातानं रुमालाची कड उचलून धरली. बाजारातल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही. चाचांचा हात सवयीनं आत गेला.

रुमाल हलला, पुन्हा हलला. मोबाईलवर ठोकळे एकावर एक चढत छताला लागले आणि गेम संपल्याची धून वाजली. चाचांनी हात बाहेर काढून पायजम्याला पुसला. चेहरा पार उतरला होता.

"भाई हो म्हणतात," ते म्हणाले.

अब्बांच्या घशातून घरघर आली. ओठ वाकडे झाले, शब्द काही फुटेना. आत काय झालं ते सांगणार कोण? हुमेरानं धावत जाऊन आपला हात रुमालाखाली घातला. अब्बांनी तो घट्ट धरला आणि सोडलाच नाही.

"बघा, हिलापण हात दाबून सांगतायत," चाचा म्हणाले. "सौदा पक्का."

तिची अम्मी, शकिला, चुलीपाशी भाकरी थापत होती. दिरासमोर कधी आवाज न चढवणारी बाई. ती पिठाच्या हातानंच उठली, नवऱ्याच्या मांडीवरचा रुमाल तिनं ओढून काढला आणि परत त्यांच्या खांद्यावर टाकला. सौद्याच्या वेळी अब्बांची वाळलेली, थरथरती बोटं पहिल्यांदाच सगळ्यांना दिसली. त्यांनी लेकीचा हात सोडला आणि तळवा भावापुढे धरला.

"फैयाजभाई," शकिला म्हणाली, "आता द्या हात. सगळ्यांदेखत."

चाचांनी हात खिशात घातला.