पिंपावरची टिचकी

"पिंप बोलते, माणिके. रितं खणकते, पाणी शिरलं का बद्द वाजते. टिचकी मारल्याबिगर तराफ्यावर पाय ठेवू नको. अन् लाटेले कूस दाखवू नको." तराफा चालवणारा बाप जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी रोज काठावर आली की माणिकबाईला त्याचा हा आवाज ऐकू येई.

धरणापल्याडचा तिचा झेंडू अमरावतीला न्यायचा, तर धर्मेंद्रचा तराफा हाच जवळचा रस्ता. दोन लांबट लोखंडी पिंपं, वर फळ्या, मागे इंजिन. आज दसऱ्याची फुलं होती. ती टिचकी मारायला वाकली, तोच त्याने इंजिन भडभडवलं.

"बसा मावशी, वारा सुटून राहिला!"

चारही टोपल्या त्याने डावीकडे रचल्या. एरवी दोन-दोन असत.

"काहून रे, सारा भार एकाच अंगाले?"

"उजवीकडे ऊन लागते फुलाईले."

आभाळ तर गच्च भरलेलं.

मधोमध लाटा उठल्या. धर्मेंद्रने वेग उतरवला, तराफ्याचं तोंड लाटेला तिरकं धरलं. अगदी तिच्या बापासारखं. तरीही उजवा कोपरा दबत होता. पाणी फळ्यांवरून तिच्या पावलांना शिवून गेलं.

"हात बराबर चालून राहिले तुये, मंग नजर काहून चोरतं? मले पोहता येत नाही, बाबू. कोण्या अंगाले बसू, तेवढं तरी खरं सांग."

धर्मेंद्रने एक लाट जाऊ दिली.

"टोपल्याईजवळ सरका, मावशी. उजव्या पिंपाले भोक हाये. कालच समजलं. दसऱ्याची फेरी बुडू नये म्हनून तुमच्या टिचकीले भेलो मी."