जुनी खोड

हुइया पंधराजणींची रग्बी सोडून आमच्या तेराजणींच्या रग्बीत आली, त्याला तीन वर्षं झाली होती. तिकडे पाडलेली पोरगी चेंडू मागे ठेवते आणि मैत्रिणी धावत येऊन चेंडू राखायला तिच्याभोवती उभ्या राहतात. आमच्यात कुणी येत नाही. आपलं आपण उठायचं आणि चेंडू टाचेनं मागे सारायचा. पहिल्या महिन्यात ती चुकायची, मग कधीच चुकली नाही.

शनिवारच्या सामन्यात समोरच्या एकीचा खांदा तिच्या कानशिलावर बसला. हुइया पडली, तिनं चेंडू अलगद मागे ठेवला आणि वाट बघत राहिली. चेंडू अर्थातच समोरच्यांनी उचलला.

"राणीसाहेब, पालखी धाडू का?" मी खेकसले. सगळ्या हसल्या. कोच म्हणाला, "जित्याची खोड!" ती उठली, आणखी वीस मिनिटं खेळली. पहिल्या महिन्यानंतर कधीच न झालेली चूक आजच का झाली, हे एकीच्याही टाळक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही.

कपडे बदलताना तिनं मला विचारलं, "तू आली का नाहीस गं?" आणि ती बाकावरून खाली घसरली.

आम्हा माओरींत प्रेताला पुरेपर्यंत एकटं सोडत नाहीत. तीन दिवस आम्ही बाराच्या बारा जणी तिला घेरून बसलो होतो.